आत सरकलेला बांध

दोडामार्गच्या पुढं, जंगलातला तळ
३ ऑक्टोबर २०२४

आपा,

आधी शिव्या देऊन घे, मग वाच. दिल्यास? मी जिवंत आहे. फोन नाही, तो नदीत गेला. म्हणजे पडलो मी, फोन खिशात होता, आन् वर मी एकटाच आलो. तसंही इथं रेंज नाही. खाली चहाच्या टपरीवर दिवसातून एकदा एसटी येते, तिचा ड्रायव्हर पत्रं घेतो. म्हणून हे पत्र. निबंधात मी शाळेत कसा होतो ते तुला माहीत आहे, तेवढं सांभाळून घे.

राहूतून निघताना सांगितलं होतं की रांजणगावला कंपनीत चाललोय. खोटं नव्हतं. पण शिरूरच्या स्टँडवर एक टेम्पोवाला भेटला. त्याला कांद्याच्या गोण्या गोव्याला टाकायच्या होत्या आन् सोबतीला गप्पा मारणारा पाहिजे होता. गप्पा तर मी मारतोच. परत येताना टेम्पो बंद पडला तो इथं. टेम्पो दुरुस्त होऊन गेला, मी राहिलो.

इथं नीलम मॅडम म्हणून आहेत, आपल्या केडगावच्या. किड्यांचा अभ्यास करतात. मला म्हणाल्या, "खड्डे खणता येतात?" मी म्हटलं, "विहिरीपेक्षा लहान असतील तर येतात." लागलो कामाला.

काम असं. एका बाजूला रबराचा मळा. सारखी झाडं, ओळीत, प्रत्येकाच्या पोटाला चीक धरायला वाटी बांधलेली. दुसऱ्या बाजूला जंगल. ते कुणी लावलेलं नाही, त्यामुळं ओळ नाही, वाट नाही, भरदुपारी आत दिवेलागण झाल्यासारखं. आन् या दोघांच्या मधे हद्द. त्या हद्दीमुळं जंगलातल्या किड्यांचं काय होतं हे मॅडमना बघायचंय. आम्ही हद्दीपासून आत दोरी ताणतो. दोरीच्या कडेनं टप्प्याटप्प्यावर डबे पुरतो, तोंड बरोबर मातीला लागून, वर शेणाची पुरचुंडी टांगलेली. वासानं किडा येतो आन् डब्यात पडतो. शेण गोळा करायचं काम माझ्याकडं. हस, हस.

पण आपा, गंमत ऐक. हद्दीवरचे डबे भरून वाहतात! आत जावं तसे डबे रिकामे होत जातात. रबराच्या मॅनेजरनं बघितलं आन् म्हणाला, "देखा? आमच्यामुळं किडे वाढले. हद्द म्हणजे बाजार, दोन्ही गावची माणसं येतात." मला पटलं. काठालाच जीव जास्त असतो. आत नुसता अंधार आन् जळवा.

तुझ्या कांद्याच्या फुलांना माश्या लागतात ना, म्हणून तुला मुद्दाम लिहिलं. मलाही काही कळतं हे ओट्यावरच्या लोकांना सांग.

सुलतानबी फुफीला सलाम. बोराटीची बोरं यायला लागली की माझी आठवण काढा.

कामाला लागलेला,
झिशान


राहू
१० नोव्हेंबर २०२४

झिश्या,

शिव्या दिल्या. फुफीनं माझ्यापेक्षा चांगल्या दिल्या, त्या लिहिण्यासारख्या नाहीत. भाऊ सांगतो कंपनी आन् गोळा करतो शेण. शेण काय राहूत नव्हतं?

पण पत्र वाचून बरं वाटलं, खरं सांगते. पुन्हा पुन्हा वाचलं.

इकडं कांदे लावून झाले. लोक कांदा उपटून विकतात, मी तोच परत मातीत घालते म्हणून अजून हसतात. थंडी संपता संपता गोंडे फुलतील. माश्या बसल्या तर काळं बी, न बसल्या तर नुसती पांढरी फुलं. शिरूरकडचे शेतकरी आत्ताच सांगून गेलेत, "ताई, बी दुसरीकडं देऊ नका."

आता मुद्दा. शेजारच्या हौसराव आप्पांच्या पोरानं, सम्राटनं, ऊसतोडणीचं मशीन घेतलंय. हत्तीएवढं धूड. सरी संपली की त्याला वळायला जागा लागते, आन् सरी संपते ती आपल्या बांधावर. तुला तो बांध माहीत आहे, बोराटी, तरवड, टणटणी, हिवर, सगळा गुंता. निम्मा त्यांच्यात, निम्मा आपल्यात. अब्बांना दिलेल्या शब्दाखातर आप्पांनी आजवर त्यांच्या निम्म्यालाही कोयता लावला नव्हता.

परवा आप्पा ओट्यावर म्हणाले, बांध साफ करायचाय. मी म्हटलं, माश्या त्यातच राहतात. तर म्हणाले, "हे तुला कुनी सांगितलं?" मला चेव आला. म्हटलं, माझा भाऊ जंगलात हाच अभ्यास करतोय, थांबा. घरात गेले, तुझं पत्र आणलं आन् सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं.

आप्पा म्हणाले, "वाच पुन्हा ते, काठाचं."

मी वाचलं.

"म्हंजी बाई, किडं काठालाच असत्यात. आत न्हाईत. व्हय ना? मग हिकडं माझा ऊस, तिकडं तुझा कांदा, काठ तर ऱ्हातोयच की! मधली काटं कशाला पायजेत?"

सगळा ओटा "बरोबर हाय" म्हणाला. माझ्या हातात माझ्याच भावाचं अक्षर. आन् झिश्या, मलाही वाटलं, खरंच असेल. निम्मा पट्टा आपल्याकडं राहतोच आहे, काठही राहतोय. मी म्हटलं, "आप्पा, तुमच्या बाजूचं तुम्ही काढा. अब्बांच्या शब्दातनं तुम्ही मोकळे."

बरोबर केलं ना? मॅडमना विचारून लिही. लवकर लिही. पत्र लिहितो म्हणालास की तू गावच बदलतोस.

आपा


जंगलातला तळ
२ डिसेंबर २०२४

आपा, थांबव! आप्पांना थांबव!

मी अर्धं लिहिलं होतं. अर्धं म्हणजे तेवढंच मला कळलं होतं, पण तू ते ओट्यावर वाचशील हे स्वप्नात नव्हतं. तुला कुणी सांगितलं गं माझं ऐकायला? जन्मात पहिल्यांदा ऐकलंस आन् तेही हे.

मॅडमनी डबे उघडून एकेक किडा भिंगाखाली धरला. मी शेजारी बसून चिमट्यानं उचलून देत होतो. त्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं, तर त्यांनी कपाळालाच हात लावला. म्हणाल्या, "झिशान, किती आहेत हे अर्धं काम झालं. कोण आहेत ते बघायचं असतं."

तर हद्दीवरच्या गर्दीतले बहुतेक सगळे बाहेरचे. लांब पायांच्या पिवळ्या मुंग्या, साध्या माश्या, उन्हातले नाकतोडे. तुला दौंडच्या स्टेशनातही सापडतील असले. आतल्या डब्यांत कमी पडतात, पण ते आतलेच. एक शेणकिडा आहे, काळा, पाठीवर निळसर झाक. तो शेणाचा गोळा ओला असतानाच जमिनीत पुरतो. त्या शेणात फळांच्या बिया असतात, त्याच तिथं रुजतात. हद्दीजवळ तो येतच नाही. का, तर रबराच्या बाजूनं ऊन आन् वारं आत घुसतं. पाचोळा वाळतो, शेणाचा दुपारपर्यंत दगड होतो. त्यानं पुरायचं काय?

मॅडम म्हणतात, आपण काठ म्हणजे रेघ समजतो. काठ रेघ नसतो, तो आत चालत येतो. रबर इथं संपलं तरी रबराचं ऊन पुढं जातं. पट्टा अरुंद असला तर दोन्हीकडचे काठ चालत येऊन एकमेकाला भेटतात. मग तो सगळाच काठ. त्याला आत असं काही उरत नाही.

आन् बाजाराचं म्हणशील तर, बाजारात गर्दी असते म्हणून कुणी बाजारात संसार मांडत नाही.

आता आपला बांध डोळ्यांपुढं आण. बारक्या माश्यांचं मोहोळ बोराटीच्या पोटात असतं, कडेला नाही. आप्पांनी निम्मा काढला की ते पोटच कडेला येणार. त्यांना सांग, झिशानचं पत्र चुकीचं होतं. हे पत्रही ओट्यावर वाच, दुप्पट मोठ्यानं.

झिशान

१९ जानेवारी
आपा, हे पत्र घेऊन टपरीवर गेलो तर एसटी गेलेली. तिथं काही पोरं हत्ती बघायला निघाली होती. इकडं खरे हत्ती येतात, लोकांच्या केळी खातात. म्हटलं, उद्याच्या गाडीला टाकू. हत्ती काही दिसला नाही, पण त्या पोरांबरोबर पुढं बेळगावपर्यंत गेलो, तिथं एकाच्या बहिणीच्या लग्नात वाढपी झालो, आन् पत्र शर्टात, शर्ट पिशवीच्या तळाला. आज कपडे धुवायला काढले तेव्हा सापडलं. तसंच पाठवतोय. उशीर झाला नसेल ना?


राहू
१६ मार्च २०२५

झाला.

नाताळाच्या सुट्टीत जेसीबी आला. सकाळी सुरू केलं, जेवायच्या आत संपलं. हिवर पडताना फुफी दारात उभी राहून बघत होती. आत जाऊन तिनं पडदा ओढला. आपल्याकडचा निम्मा राहिला तो दात पडलेल्या फणीसारखा, इकडून बघितलं की तिकडचा ऊस दिसतो. मॅडमचं म्हणणं सांगणारं तुझं पत्र मिळायच्या आधीच मला कळलं होतं. ऊन पलीकडून येत होतं.

गोंडे फुलले. असले भरघोस की वाटेनं जाणारे गाड्या थांबवून फोटो काढत होते. पण रान गप्प. दर वर्षी दारात बसून माश्यांची घूं ऐकू यायची, यंदा कान लावून ऐकलं. चारदोन यायच्या, घाईत, पाहुण्यासारख्या.

मग सगळे म्हणाले गुळाचं पाणी मार. मारलं. मुंग्या आल्या, गांधीलमाश्या आल्या, रोजानं येणाऱ्या मोनिकाला दोन ठिकाणी चावल्या. तुझी हद्दीवरची गर्दी ती हीच बहुतेक. शेवटी आम्ही बायांनी हातांना मलमल गुंडाळली आन् एकेका गोंड्यावरनं तळवा फिरवत गेलो, या फुलाचं त्या फुलाला. मोनिका म्हणाली, "ताई, आपण माश्या झालो, पण मध काय सुटंना." हसून हसून कंबर मोडली. कंबर आधीच मोडलेली होती.

बी अजून वाळतंय. पण मूठभर चोळून पाण्यात टाकून बघितलं, बहुतेक तरंगलं. पोकळ. शिरूरचे लोक येऊन बघून गेले. चहासुद्धा पूर्ण प्याले नाहीत.

मी रडले नाही. फुफीनं विचारलं, रडत का नाहीस? म्हटलं, वेळ नाही.

काल आप्पा आले. तोंड गोड. म्हणाले, "आता ह्या काटक्या ठिवून काय करणार? तुझा निम्मा बी दे मोकळा करून, मशीन नीट वळंल. आन् तूबी ऊस लाव. सगळं रान एक होऊ दे. चिंता न्हाई, माश्या न्हाईत." मी म्हटलं, "आप्पा, अब्बांना दिलेला शब्द मी सोडवून दिला ती माझी चूक. पण माझा निम्मा काढीन असा शब्द मी कुणाला दिलेला नाही." चहा न घेता गेले.

तुझ्यावर चिडायचं होतं. आठ दिवस मनात भांडण रचलं, चांगलं जमलंही होतं. पण ओट्यावर वाचलं ते मी. त्यामुळं ते राहू दे. काम सांगते. मॅडमना नीट विचार, मोडलेला काठ परत जोडता येतो का? येत असेल तर कशानं, आन् किती रुंद? विचारून त्याच दिवशी पत्र टाक. वाटेत हत्ती भेटला तरी आधी पत्र टाक.

सगळं रान एक होऊ देणार नाही, एवढं माझं ठरलंय.

आपा


राहू, ता. दौंड
२० एप्रिल २०२५

विषय : सामाईक बांधाबाबत

झिशान, बाळा,

पत्ता तुझ्या फुफीकडून मिळाला. कशासाठी पाहिजे हे त्यांनी विचारले नाही, मी सांगितले नाही. आप्पाचे पत्र बघून घाबरू नकोस. तुझ्या वडिलांचे आणि माझे संबंध गावाला माहीत आहेत. लालमहंमद गेला तेव्हा मातीला पहिला मी होतो.

सातबाऱ्यावर तुझे आणि तहमीनाचे, दोघांचे नाव आहे. तहमीना हट्टी आहे. बाईमाणूस एकटी राबते, तिला पुढचे दिसत नाही. आजूबाजूला सगळा ऊस आणि मधे एक कांद्याचे रान, हे किती दिवस चालणार? यंदा बी फसले. पुढल्या वर्षी पुन्हा फसेल. सोबत संमतीचा कागद पाठवला आहे. तुझ्या बाजूच्या बांधावर तोडणी मशीन वळवण्यास तुझी हरकत नाही, एवढेच त्यात आहे. तुझी सही आली की मग मी तिला समजावीन. भावाने दिली म्हटल्यावर ती मोडणार नाही.

तुला शेतीत रस नाही हे मी जाणून आहे. त्यात वाईट काही नाही. सम्राटला मशीनवर माणूस पाहिजे. तू लहानपणी माझ्या ट्रॅक्टरवरनं उतरत नव्हतास, मला आठवते. ये, मशीन चालव, एसी केबिन हाय, गाणी लाव. भटकून किती दिवस काढणार?

बहिणीला या पत्राचे कळवायची गरज नाही. उगाच मनाला लावून घेईल.

तुझा आप्पा
हौसराव


जंगलातला तळ
४ मे २०२५

हौसराव आप्पा,

सलाम. तुमचं पत्र पोचलं. तुमच्या ट्रॅक्टरवर मी बसायचो हे खरं आहे, आन् मशीन चालवायचा मोह झाला हेही खरं. एसी केबिनचं वाचल्यावर मी थोडा वेळ डोळे मिटून बसलो. इथं जळवा आहेत, आप्पा. मोज्यातसुद्धा.

पण सही करत नाही.

तुम्ही म्हणता मला शेतीत रस नाही. नाही. म्हणूनच शेतीतली सही मी करायची नाही. जिला रस आहे ती तुमच्या शेजारी राहते, तिला हाक मारली तरी ऐकू जातं. तिला सोडून इतक्या लांब दोडामार्गला पत्र टाकलंत याचा अर्थ ती काय म्हणणार हे तुम्हाला ठाऊक आहे.

मी शिकलेलो नाही, पण इथं रोज हद्दीवर उभा असतो. इथला मॅनेजरही तुमच्यासारखाच गोड बोलतो. म्हणतो, आम्ही फक्त हद्दीपर्यंतच आहोत. रबर आहे हद्दीपर्यंत, खरं आहे. पण त्याचं ऊन आत जातं, त्याचं वारं आत जातं, त्याच्या पिवळ्या मुंग्या आत जातात. तुमचाही ऊस हद्दीपर्यंतच आहे. तिच्या कांद्याचं बी का फसलं ते तुम्हाला माहीत आहे, कारण फसवायला जे काढावं लागतं ते तुम्हीच काढलंत. काढलंत ते तुमच्या हक्काचं होतं, मी भांडत नाही. पण मग "पुढल्या वर्षी पुन्हा फसेल" हे ज्योतिष कशाला सांगता?

माझं आधीचं पत्र तुम्ही ओट्यावर दोनदा वाचून घेतलंत. ते कच्चं होतं. हे पक्कं आहे. हेही वाचा.

कागद परत पाठवत नाही. चूल पेटवायला इथं कोरडं काही मिळत नाही.

अब्बांच्या मातीला तुम्ही पहिले होतात, हे मी विसरणार नाही. तुम्ही अब्बांचा शब्द विसरू नका.

झिशान लालमहंमद


जंगलातला तळ
४ मे २०२५

आपा,

हौसराव आप्पांनी माझ्याकडं सही मागितली, तुला कळवू नको म्हणून. म्हणून कळवतोय. पत्र सोबत आहे. दिली नाही. देणारही नाही, अख्खं मशीन माझ्या नावावर केलं तरी.

आता तुझं काम. मॅडमना विचारलं. त्यांनी तोंडी सांगितलं नाही, नेऊन दाखवलं. वरच्या अंगाला रबर लावताना जुन्या मालकानं आळसापोटी मधला एक पट्टा तसाच सोडला होता. त्यात झुडपं माजली, वेली चढल्या, खालपासून वरपर्यंत हिरवा पडदा झाला. हद्द तीच, रबर तेच, पण ऊन त्या पडद्यापाशी अडतं. तिथं आम्ही डबे लावले आन् आपा, आतला काळा शेणकिडा पडद्याच्या जवळपर्यंत आलेला सापडला! मी ओरडलोच. मॅडमनी गप्प बसवलं, पण त्याही हसत होत्या.

म्हणजे काठ बंद करता येतो. मॅडम म्हणतात, तुमच्याकडं जंगल नाही, किडे वेगळे, पण ऊन-वारं तसंच वागतं. बुंधे उपटले नसतील तर बोराटी, तरवड आपोआप फुटतील. तोवर तूर, एरंड, शेवगा असलं पटकन उंच होणारं मधे भरायचं. गवत काढायचं नाही. औषध मारायचं नाही.

रुंदीचं विचारलं तर आकडा देत नाहीत. म्हणाल्या, आत उभं राहून पलीकडचं दिसता कामा नये, एवढं धरा.

आता अडचण. तेवढी रुंदी आणायची कुठून? पलीकडं आप्पांचं मशीन, अलीकडं तुझा कांदा. मला सुचत नाही. मी येऊ का? खरंच येईन. म्हणजे निघेन तरी.

झिशान


राहू
८ फेब्रुवारी २०२६

झिश्या,

इतके महिने लिहिलं नाही कारण दाखवण्यासारखं काही नव्हतं. आता थोडं आहे.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात आप्पा त्यांना लिहिलेलं तुझं पत्र घेऊन दारात. "बघ, तुझा भाऊ मला कसा बोलतो!" मी म्हटलं, "मोठ्यानं वाचा की आप्पा. चला ओट्यावर." नाही आले.

रुंदी कुठून आणायची ते तुला सुचलं नाही, त्यात तुझी चूक नाही. इथं राहणाऱ्याला तर ते सुचूच शकत नाही. जून लागायच्या आधी मी खुंट्या आन् सुतळी घेतली, मोनिकाला घेतलं, आन् जुन्या बांधापासून आपल्याच रानात, आत, चांगलं बैलगाडी आडवी मावेल एवढं सरकून नवी सुतळी ताणली. नवा बांध तिथं घातला. जुना आन् नवा यांच्या मधलं सगळं सोडून दिलं.

गाव जमलं. तुला माहीत आहे इथं काय चालतं. दर वर्षी नांगराचं एक तास, एक ओळ, पलीकडं घ्यायचं, बांध कोरायचा, आन् त्या हातभर मातीसाठी भावाभावांनी कोर्टात म्हातारं व्हायचं. चांगदेव मामांची केस तर त्यांच्या लग्नाच्या आधीपासून चालू आहे. ते सुतळीपाशी उभे राहिले, तिला हात लावून बघितला.

"पोरी, बांध म्होरं सारत्यात. तू मागं सारतीयास?"

"व्हय मामा."

"कुनी दाब दिला का? आप्पांनी?"

"कुणी नाही."

"मग डोकं तपासून घे." असं म्हणाले, पण संध्याकाळी शेवग्याच्या फांद्या आणून टाकल्या, "लागत्यात पटकन" म्हणून.

आप्पाही आले. म्हणाले, "तहमीना, येवढं रान वाया?" मी म्हटलं, "आप्पा, हद्दीचा दगड हलवलेला नाही, बघून घ्या. दगडाच्या अलीकडं माझं आहे. त्यात काटे वाढवीन नाहीतर केळी." त्यांना माझ्याशी भांडायला काही सापडेना. पुढं सरकलेल्या बांधावर भांडता येतं, मागं गेलेल्यावर कसं भांडणार?

पावसाळ्यात बोराटीनं फूट धरली. तूर डोक्यावर गेली. एरंडानं तर नखरे केले. फुफी खाटेवर बसून शेरडं हाकलायची, तेही शिव्या देऊन, त्यामुळं आता गावातली शेरडं लांबूनच जातात. लोक त्याला "तहमीनाचं जंगल" म्हणतात. म्हणू देत. परवा मी आत जाऊन उभी राहिले. पलीकडचा ऊस दिसला नाही.

जानेवारीत सम्राट मशीन घेऊन आला. पहिली सरी कापत बांधाशी आला आन् थांबला. त्यांनी काढलेला निम्मा बांध वळायला पुरेना. मागं जाईना, पुढं माझी तूर. केबिनमधून ओरडला, "ताई, जरासं घेऊ का आतनं?" मी खुरपं घेऊन समोर उभी. म्हटलं, "घे. आधी मला घे." पोरगं शहाणं, इंजिन बंद करून खाली उतरलं. आप्पांना बोलावलं. आप्पांनी तासभर बांध बघितला, मशीन बघितलं, मला बघितलं. मग त्यांच्याच उसाच्या बांधाकडच्या सऱ्या माणसं लावून कोयत्यानं तोडून घेतल्या आन् तिथं फेऱ्याला जागा केली. म्हणजे रान शेवटी त्यांनीही सोडलं. त्यांनी सोडलेल्यात मशीन वळतं. मी सोडलेल्यात बारक्या माश्यांनी एक मोहोळ धरलंय, तळहाताएवढं, बोराटीच्या पोटात.

गोंडे आता फुललेत. खोटं लिहिणार नाही, पूर्वीसारखी घूं नाही. दारात बसून ऐकू येत नाही, रानात जावं लागतं. पण गेलं की येते. मोठं आग्या मोहोळ अजून परतलेलं नाही. गुळाचं पाणी मारलं नाही. मोनिका मलमल घेऊन आली होती, तिला म्हटलं, ती चपात्या झाकायला ने.

बी भरलं की पोकळ, ते चैत्रात कळेल. कांदा आधीच पट्ट्याएवढा कमी लावलाय, झाला तर झाला. शिरूरचे दोघं येऊन रान बघून गेले, काही कबूल केलं नाही. पोकळ निघालं तर पुढल्या वर्षी सुतळी अजून आत घेईन. आप्पांना तसं सांगून ठेवलंय. ते म्हणाले, "आन् मग कांदा कुठं लावशील?" म्हटलं, "उरेल तिथं. पण ऊस नाही लावणार."

तू येऊ का म्हणून विचारलं होतंस. सही करायला यायची गरज नाही, भांडायलाही नाही, ते मी केलं. बघायला ये. केडगावच्या मॅडमना घेऊन ये, त्यांना भिंग आणायला सांग. आन् आलास की घराकडनं ये, वळसा घालून, नीट वाटेनं. तुझी सवय मला माहीत आहे, दिसेल तिथनं आडवं घुसायचं. त्या पट्ट्यातनं पायवाट पाडलीस तर तंगडं मोडीन.

आपा